नैराश्याचे गुण उतरले, पण कशामुळे?

‘चार आठवड्यांत नैराश्याचे सरासरी गुण १५ वरून ११ वर!’ मानसिक आरोग्याच्या ॲपच्या जाहिरातींत आणि शिबिरांच्या अहवालांत अशा थाटाचं वाक्य हमखास असतं. आकडे खरे असतील, मोजणाऱ्यांचा हेतूही चांगला असेल. तरी एवढ्यावरून उपक्रमाचा गुण आला असं म्हणता येत नाही.

हे गुण बहुधा पीएचक्यू-९ या प्रश्नावलीचे असतात. ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. मागच्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, उत्साह, एकाग्रता अशा गोष्टींवर नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा जास्त आली, तर पुढची तपासणी करावी असा संकेत आहे.

या बेरजेत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: माणसाची नेहमीची मनःस्थिती आणि त्या पंधरवड्यातले चढउतार. जास्त गुणांचेच लोक निवडले, की ज्यांचा तो पंधरवडा नेमका वाईट गेला असे बरेच जण निवडले जातात. पुढच्या मोजणीपर्यंत त्यांतल्या अनेकांचा तो पंधरवडा सरलेला असतो.

हिशेब करून पाहू. समजा, एका वस्तीची सरासरी ५ आहे, दोन्ही वेळी गुणांचा पसारा सारखाच आहे आणि दोन मोजण्यांमधला सहसंबंध (दोन्ही वेळचे गुण एकमेकांशी किती जुळतात याचं माप) ०.६ आहे. १५ गुणांचे लोक सरासरीच्या १० ने वर आहेत. पुढच्या वेळी त्यांची अपेक्षित सरासरी ५ + ०.६ × १० = ११. काहीही न करता ४ गुण उतरले! या प्रश्नावलीत ५ गुणांची घट लक्षणीय मानली जाते, हे ध्यानात घ्या.

ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये २०५ जोडप्यांच्या ९२८ प्रौढ मुलांच्या उंचीत हेच पाहिलं: फार उंच आईवडिलांची मुलं सरासरीकडे झुकलेली. पण खरी गंमत उलट्या दिशेनं आहे. फार उंच मुलं निवडली, तर त्यांचे आईवडीलही सरासरीकडे झुकलेले दिसतात! म्हणजे कुठलीही शक्ती कुणाला खेचत नाही. हा सगळा निवडीचा परिणाम आहे. आपल्या वस्तीतही दुसऱ्या वेळी १५ गुण मिळालेले लोक शोधले, तर पहिल्या वेळी त्यांची सरासरी ११ च्या आसपास निघेल. ते मधल्या काळात बिघडले, पण अहवालात येतच नाहीत, कारण सुरुवातीला त्यांना निवडलेलंच नव्हतं.

ताईत आणि अंगाऱ्याची ख्यातीही यावरच पोसली जाते. माणूस तिकडे वळतो तो सगळ्यात वाईट दिवसांत. नंतर जरा बरं वाटलं की श्रेय ताईताला. यात उपचाराविना गेलेला काळ मला फार खुपतो.

उपाय ठाऊक आहे: जास्त गुणांच्या लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा, एकालाच उपक्रम द्या. सरासरीकडे झुकणं दोन्हीकडे सारखंच. उरलेला फरक योगायोगापेक्षा मोठा असेल, तर तो उपक्रमाचा.

अख्ख्या वस्त्यांवर प्रयोग करताना आणखी एक अडचण येते. एका वस्तीतल्या लोकांची सुखदुःखं एकमेकांशी जोडलेली असतात. प्रत्येक वस्तीतून ५० माणसं घेतली आणि वस्तीअंतर्गत सहसंबंध फक्त ०.०५ असला, तरी सरासरीच्या अंदाजाचं प्रसरण (अनिश्चिततेचा वर्ग) १ + ४९ × ०.०५ = ३.४५ पट होतं. मग अशा दहा वस्त्यांतल्या ५०० जणांची माहिती जेमतेम १४५ स्वतंत्र माणसांइतकी उरते. म्हणून एका वस्तीत उपक्रम राबवून शेजारच्या एकाच वस्तीशी तुलना केली, तर हजारो लोकांच्या मुलाखती घेऊनही ती तुलना शेवटी दोनच वस्त्यांची राहते.