सोयाबीनची बीजप्रक्रिया : एका शब्दाचा गुंता

खरिपाची ज्वारी, मूग, उडीद मागे सारत लातूर-नांदेड-परभणीत सोयाबीन पसरलं ते जेएस 335 हा वाण आल्यानंतर. पेरणीआधी बियाण्याला औषध किंवा जिवाणू चोळणं म्हणजे बीजप्रक्रिया. त्या काळात ती म्हणजे किलोला तीन ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक. पुढे सोबत कार्बेन्डाझिम हे दुसरं बुरशीनाशक आलं, मग कार्बोक्झिन-थायरमची तयार भुकटी. पिशवीतल्या बियाण्याला औषधाचा रंग दिसला की काम झालं, असं धरून चालायचं.

खरा गुंता शब्दाचाच. बुरशीनाशक, खोडमाशीसाठीचं कीटकनाशक थायमेथोक्झाम आणि मुळांच्या गाठीत राहून पिकाला नत्र देणारे रायझोबियम जिवाणू, तिन्हींना नाव एकच, बीजप्रक्रिया. क्रम ठरलेला आहे: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, जिवाणू अगदी शेवटी, पेरणीच्या तोंडावर. पण पाऊस पडलाय, ट्रॅक्टरवाला बांधावर ताटकळतोय, अशा वेळी तिन्ही एकाच घमेल्यात पडतात. जिवाणू म्हणजे बुरशी नव्हे, मग बुरशीनाशकानं त्याचं काय बिघडणार, हा युक्तिवाद अर्धाच खरा. थायरम जिवाणूंनाही सोसत नाही. रोगाच्या बुरशीला मारणारी ट्रायकोडर्मा तर स्वतःच बुरशी. कार्बेन्डाझिमच्या घमेल्यात ती टाकणं म्हणजे पैसे मातीत. त्यात सोयाबीनची साल पातळ. गुळाचं पाणी जरा जास्त झालं की चोळताना मुठीतच साल सुटते आणि दाण्याची डाळ होते. ‘औषध लावलं म्हणून उगवलं नाही’ ही तक्रार बहुतेकदा इथली, औषधाची नव्हे.

2020 च्या जूनमध्ये न उगवलेल्या सोयाबीनचं प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. बियाणं बोगस, की ओल कमी, की पेरणी खोल, यावर रान उठलं. बुरशीचं नाव क्वचितच कुणी घेतलं. त्यानंतर घरच्या बियाण्याचा आग्रह वाढला: ओल्या गोणपाटात शंभर दाणे, सत्तर उगवले तर पेरा. पण घरच्या बियाण्याला रंग नसतो, म्हणजे बीजप्रक्रियाही आता घरच्याच अंगणात.

त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रानं 27 कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता. त्यात थायरमही होतं, कार्बेन्डाझिमही. 2023 च्या अंतिम आदेशात दोन्ही सुटली. तोवर दुकानात किलोला एक मिली लागणारं पेनफ्लुफेन-ट्रायफ्लोक्सिस्ट्रोबिन हे नवं बुरशीनाशक मांडलं गेलं होतं. कॉलर रॉट या बुरशीच्या रोगानं बुंध्याशी पांढरी बुरशी आणि तिचेच मोहरीएवढे दाणे दिसले, की शेतकरी आजही एकच म्हणतो, ‘मर लागली.’ चारकोल रॉट या दुसऱ्या बुरशीच्या रोगालाही तो तेच म्हणतो.