फ्लोरिडात गांजाचे मेडिकल कार्ड: डॉक्टर काय करू शकतात, काय नाही

आधी एक गैरसमज. डॉक्टर गांजा 'लिहून' देत नाहीत. 1970 च्या अमेरिकी केंद्रीय कायद्याने गांजा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक बंदीच्या यादीत टाकला आणि या यादीतल्या पदार्थाचे प्रिस्क्रिप्शन देता येत नाही. म्हणून राज्यांनी वेगळी वाट काढली. या रुग्णाला हा आजार आहे आणि गांजाचा फायदा धोक्यापेक्षा जास्त वाटतो, एवढेच डॉक्टर प्रमाणित करतात. असा सल्ला दिला म्हणून केंद्र सरकार डॉक्टरचा नियंत्रित औषधे लिहिण्याचा परवाना काढू शकत नाही, असा निकाल कॅलिफोर्नियातल्या डॉ. मार्कस कोनंट यांच्या खटल्यात 2002 मध्ये लागला. सल्ला देणे हे भाषणस्वातंत्र्य. माल मिळवून देणे ही मात्र वेगळी गोष्ट.

फ्लोरिडाच्या मतदारांनी 2016 मध्ये घटनादुरुस्ती करून वैद्यकीय वापर मान्य केला. कॅन्सर, अपस्मार, काचबिंदू, एचआयव्ही आणि एड्स, पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक त्रास), एएलएस (स्नायू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार), क्रोन्स (आतड्यांचा दाह), पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा आजार) हे आजार यादीत आहेत. शिवाय शेवटच्या टप्प्यातला आजार, आणि यादीतल्या आजारामुळे होणारे जुनाट दुखणे. नुसती कंबर दुखते म्हणून कार्ड मिळायला नको, निदान कायद्याच्या अक्षराप्रमाणे तरी. 'यासारखा दुसरा आजार' असे एक दारही कायद्याने उघडे ठेवले आहे. मात्र त्यातून रुग्णाला आत घेणाऱ्या डॉक्टरला 14 दिवसांत आपल्या मेडिकल बोर्डाकडे कारणे आणि पुरावे पाठवावे लागतात.

डॉक्टरने सरकारमान्य दोन तासांचा कोर्स करून परीक्षा दिलेली हवी. पहिली तपासणी समोरासमोरच व्हायला हवी. नूतनीकरण 2023 पासून व्हिडिओवर चालते, पण पहिली भेट नाही. त्यामुळे 'घरबसल्या पहिले कार्ड' अशी जाहिरात दिसली की पुढे वाचू नका. डॉक्टरने पूर्वीचा आजार विचारायचा, रुग्णाच्या नियंत्रित औषधांची नोंद राज्याच्या डेटाबेसमध्ये पाहायची, दुसऱ्या डॉक्टरचे प्रमाणपत्र आधीच चालू नाही ना हे तपासायचे आणि लेखी संमतीपत्रावर सही घ्यायची. गाडी चालवण्यावरचा परिणाम, व्यसनाची शक्यता आणि इतर औषधांशी होणारी गुंतागुंत या पत्रात असते. सही करण्यापूर्वी ते खरेच वाचा. रुग्ण 18 वर्षांखालचा असेल तर दुसऱ्या डॉक्टरचीही संमती लागते, आणि गर्भवतीला फक्त कमी टीएचसीच्या (गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाच्या) मालासाठीच प्रमाणपत्र देता येते.

आता पैशाची बाब, कारण खरी घसरण इथेच होते. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरला गांजा विकणाऱ्या केंद्रात किंवा तपासणी प्रयोगशाळेत नोकरी करता येत नाही, त्यात आर्थिक हितसंबंधही ठेवता येत नाहीत. आजार आहे असे मानायला वाजवी आधार नसताना प्रमाणपत्र दिले तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. खोटी माहिती देणाऱ्या रुग्णालाही तोच नियम. दवाखान्याच्या बाजूच्याच दुकानाचे कूपन डॉक्टर हातात ठेवत असेल, तर त्याचे हित कुठे आहे ते ओळखा.

पुढचा भाग सोपा आहे. डॉक्टर तुमची नोंद राज्याच्या रजिस्ट्रीत करतात आणि मग ओळखपत्रासाठी तुम्ही ऑनलाइन अर्ज करता. शुल्क 75 डॉलर. फ्लोरिडाचे ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचे ओळखपत्र असले की रहिवासाचा पुरावा झाला. कार्ड वर्षभर चालते, पण एका प्रमाणपत्रात 70 दिवसांच्या पुरवठ्याचे जास्तीत जास्त तीनच टप्पे बसतात. म्हणजे 30 आठवड्यांनी डॉक्टरकडे पुन्हा जायचेच.

इथल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास येतो: भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांचे कार्ड निघेल का? हंगामी रहिवाशांना कार्ड मिळते खरे, पण 31 दिवस सलग राहण्याबरोबर अमेरिकेतल्याच दुसऱ्या राज्यात मतदारनोंद असणे किंवा तिथे आयकर भरणे ही अटही आहे. व्हिजिटर व्हिसावरचे आईबाबा तिथेच अडतात.

आणि तुम्ही स्वतः ग्रीन कार्डावर असाल तर डॉक्टरकडे जाण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. नागरिकत्वाच्या अर्जात 'चांगले चारित्र्य' तपासताना राज्याची परवानगी बचाव ठरत नाही, असे इमिग्रेशन खात्याने एप्रिल 2019 मध्ये स्पष्ट केले. मेडिकल कार्ड दाखवणे म्हणजे अनेकदा आपल्याच विरुद्ध कागद दाखवणे होते. भारतात जाताना तर बॅगेत काहीच ठेवू नका. महाशिवरात्रीच्या भांगेची उदाहरणे विमानतळावर कामाला येत नाहीत. तिथे 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा लागतो आणि त्याला फ्लोरिडाचे कार्ड माहीत नाही.