चुंबक कमजोर का होतात? संच वापरणाऱ्या शिक्षकांसाठी माहिती

जून उजाडला की शाळांमधून फोन येऊ लागतात, "गेल्या वर्षी नेलेले चुंबक कमजोर झालेत, बदलून द्या." परत आलेला डबा उघडला की बहुतेक वेळा दोन्ही पट्टी चुंबक लालाशेजारी लाल टोक दाबून रबरबँडने बांधलेले दिसतात आणि लोखंडाचे दोन चपटे तुकडे गायब असतात.

ते तुकडे पॅकिंगचे नाहीत, ते कीपर आहेत. तास संपला की मध्ये लाकडी पट्टी ठेवा, एका चुंबकाच्या लाल टोकाशेजारी दुसऱ्याचे निळे टोक येऊ द्या आणि जोडीच्या दोन्ही टोकांना एकेक कीपर आडवा लावा. नालाकृती चुंबकाला दोन टोकांवर मिळून एकच कीपर पुरतो. कीपरमुळे एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंत लोखंडातून सलग वाट मिळते आणि चुंबकत्व टिकते. सजातीय ध्रुव जवळ डांबून ठेवले तर दोन्ही चुंबक एकमेकांना कमजोर करत राहतात. फरशीवर वरचेवर पडल्यानेही तेच होते. डबा मुलांनाच भरू द्या, ध्रुवांची उजळणीही होते.

आमचे पट्टी चुंबक अल्निकोचे, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाच्या मिश्रधातूचे आहेत. काळे फेराइट चुंबक असे सहज उतरत नाहीत हे खरे, पण ते ठिसूळ असतात, पडले की टवका उडतो. चकचकीत निओडायमियम गोळ्या, म्हणजे फार जोरदार छोटे चुंबक, प्राथमिकच्या संचात आम्ही घालतच नाही आणि कुणी मागितल्या तरी देत नाही. दोन गोळ्या पोटात गेल्या तर आतड्याला चिमटा बसून ते फाटू शकते.

अल्निकोची लांब पट्टी दोऱ्याने मधोमध टांगली की उत्तर-दक्षिण दिशेत छान स्थिरावते. स्थिरावत नसेल तर आधी जवळ लोखंडी बाक किंवा कपाट आहे का ते बघा. होकायंत्राला चुंबक भिडवू नका, सुईचे ध्रुव उलटू शकतात. लोहकीस वापरण्याआधी चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर टोकाला चिकटलेला कीस वेचण्यात अर्धा तास जातो.

वर्गीकरणाच्या प्रयोगात नाणी जरूर ठेवा. सध्याचे स्टीलचे एक रुपयाचे नाणे चिकटते, दहाचे चिकटत नाही. स्टीलच्या डब्यांचेही तसेच, काही चिकटतात, काही नाही. सगळे धातू चुंबकाला चिकटतात हा मुलांचा समज इथेच मोडतो.

संच नवा असतानाच एका टोकाला टाचण्यांची साखळी किती लांब होते ते मोजून झाकणाच्या आत लिहून ठेवा. ती निम्म्यावर आली की चुंबक आमच्याकडे पाठवा. कॉइलवर पुन्हा चुंबकित करून देतो, त्याचे पैसे घेत नाही. कुरिअरचा खर्च मात्र शाळेचा. हरवलेले कीपर सुटे मिळतात. नवा संच घेण्याआधी तेवढे मागवून बघा.