जुन्या बातम्यांमधलं सोलापूर

सोलापूर म्हणजे महाराष्ट्रातलं जुनं गिरण्यांचं शहर, आणि जुन्या पेपरांमध्ये ते दर वेळी वेगळ्याच पानावर भेटतं, कधी दुष्काळाच्या बातमीत, कधी कापडबाजारात, कधी थेट सुप्रीम कोर्टाच्या निकालात. जुने इंग्रजी पेपर चाळताना 'शोलापूर' असं शोधावं लागतं, नाहीतर बरंच काही हाती लागत नाही.

रेल्वे १८६० ला आली. १८७६-७८ च्या दुष्काळाने जिल्हा होरपळला आणि त्याच सुमारास सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे लोकांच्या तोंडची 'जुनी मिल', सुरू झाली. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा मिल उभ्या राहिल्या.

सगळ्यात जास्त गाजला तो मे १९३०. गांधीजींना अटक झाल्यावर गाव पेटलं, ८ मे ला गोळीबार झाला त्यात शंकर शिवदारे हुतात्मा झाले, मग पोलीस चौक्या आणि कोर्ट जाळलं गेलं, आणि काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरलाच नाही. १२ मे ला मार्शल लॉ लागला. गांधी टोपी घालणंसुद्धा गुन्हा ठरला! सरकारी बाजूच्या मजकुरात ही नुसती 'दंगल' आहे, आणि सोलापूरकर मात्र आजही ते स्वातंत्र्याचे दिवस म्हणून सांगतात, त्यामुळे या आठवड्याबद्दल एकच पेपर वाचून मत बनवू नये. पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. यातले कुर्बान हुसेन गिरणी कामगारांचे पुढारी तर होतेच, पण स्वतः 'गझनफर' नावाचा पेपर चालवायचे, म्हणजे बातमी लिहिणारा माणूसच पुढे बातमीत आला, आणि हे फार कमी लोकांना ठाऊक असतं याचं वाईट वाटतं.

चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ ला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच, त्यांच्यामुळे गावाचं नाव परदेशातही पोचलं.

१९४९ ला जुनी मिल बंद पडली, हजारो कामगार रस्त्यावर आले, आणि १९५० मध्ये केंद्र सरकारने फक्त या एका कंपनीसाठी वटहुकूम आणि मग कायदा करून कारभार ताब्यात घेतला. शेअरहोल्डर कोर्टात गेले. त्याच वर्षी एक निकाल सरकारच्या बाजूने लागला, पण १९५३ मध्ये द्वारकादास श्रीनिवास खटल्यात सुप्रीम कोर्टाने नुकसानभरपाई न देता मिल घेणं घटनाबाह्य ठरवलं. या दोन्ही केस घटनेच्या अभ्यासक्रमात आजही शिकवतात, पण तिथे सगळी चर्चा शेअरहोल्डरांच्या हक्कांची, भोंगा बंद झाल्यावर कामगारांच्या घरात काय झालं ते त्या निकालांत शोधून सापडत नाही, त्यासाठी स्थानिक मराठी पेपरांचे जुने अंकच उघडावे लागतात.