पडद्यामागचा पंच

रोल-प्लेइंग गेम म्हणजे पात्रं होऊन बोलत-बोलत खेळायची गोष्ट. त्यात टेबलाभोवती चार-पाच खेळाडू आपापलं एकेक पात्र सांभाळतात, बाकी अख्खं जग गेम मास्टर एकटा सांभाळतो. पाऊस, सराईचा मालक, गुहेतला राक्षस, फाशांचा निकाल, शिवाय कोण कंटाळून मोबाइल काढतंय यावरही नजर. खेळाडू वेफर्स घेऊन येतात, हा गृहपाठ करून येतो. पण त्याने ‘दार आतून बंद आहे’ म्हटलं की दार बंद! हे वजन त्याला गोष्टी सांगण्यामुळे आलं, असा समज आहे. खरं तर ते आलं लष्करातून.

१८२४ साली प्रशियाच्या तोफखान्यातल्या राइस्वित्स नावाच्या तरुण लेफ्टनंटने ‘क्रीग्सश्पील’ या युद्धखेळाचे नियम छापले. मूळ कल्पना वडिलांची, मुलाने ती खऱ्या नकाशांवर आणली. दोन्ही बाजूंचे अधिकारी हुकूम कागदावर लिहून पंचाकडे द्यायचे. निरोप्या घोड्यावरून पोचायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ पंच तो हुकूम अडवून धरायचा. टेकडीआडची फौज ज्याला दिसणार नाही, त्याच्या नकाशावर ती मांडायचाच नाही. या पंचाचं जर्मन नाव ‘फरट्राउटर’, म्हणजे विश्वासातला माणूस. काय सांगायचं आणि काय झाकायचं, ही आजच्या गेम मास्टरच्या हातातली खरी किल्ली तिथली.

पुढे नियम आणि कोष्टकं इतकी वाढली की खेळ रखडायला लागला. १८७६ मध्ये फॉन व्हेर्डी या अधिकाऱ्याने ती बाजूला सारून सगळं पंचाच्या अनुभवावर सोडलं. खेळ वेगाने चालला, पण पंच मुरलेला हवा. ही मेख आजही तशीच आहे.

अमेरिकेत १८८० साली टॉटन या लष्करी अधिकाऱ्याने ‘स्ट्रॅटेगॉस’ नावाचा युद्धखेळ छापला. सुमारे नव्वद वर्षांनी तो मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्ली या युद्धखेळांच्या शौकिनाच्या हाती लागला. त्यातली ‘खेळाडू काहीही करू पाहील, पंच निकाल देईल’ ही कल्पना त्याने उचलली. १९६९च्या सुमारास त्याने ‘ब्राउनश्टाइन’ नावाच्या काल्पनिक जर्मन गावाभोवती नेपोलियनच्या काळातली लढाई मांडली. माणसं जास्त जमली, म्हणून कुणाला महापौर केलं, कुणाला सावकार. तो एकेकाला शेजारच्या खोलीत बोलावून चाली ऐकत होता. तेवढ्यात बाहेर बाकीच्यांनी कारस्थानं सुरू केली. दोघांनी येऊन सांगितलं, आमचं द्वंद्वयुद्ध ठरलंय. द्वंद्वयुद्धाचा नियमच नव्हता! वेस्लीने तिथल्या तिथे फासे टाकून निकाल लावला. लढाई राहिलीच. आपला खेळ पार फसला म्हणून तो खट्टू झाला, आणि खेळाडू मात्र पुढचा डाव कधी म्हणून मागे लागले. माझ्या मते गेम मास्टर जन्मला तो या फजितीत. अधिकार कुणी मागितला नव्हता; नियम संपले तिथे कुणीतरी उत्तर देणं भाग होतं.

त्याच मंडळींतल्या डेव्ह आर्नेसनने १९७१ पासून ‘ब्लॅकमूर’ हे काल्पनिक जग चालवलं. त्यातून गॅरी गायगॅक्सच्या साथीने १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोल-प्लेइंग गेम आला. त्याच्या पहिल्या तीन पुस्तिकांत गेम मास्टरसाठी शब्द साधा होता, ‘रेफरी’. ‘डन्जन मास्टर’ हे भारदस्त नाव मागाहून रुळलं. १९७७ मध्ये जजेस गिल्ड या कंपनीने पुठ्ठ्याचा घडीचा पडदा विकायला काढला. आतल्या बाजूला कोष्टकं. नकाशा आणि फासे त्याच्या आड. १९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये गायगॅक्सने पानोपानी कोष्टकं दिली आणि वर फाशांचा कौल डावलायची मुभाही डन्जन मास्टरला दिली. राइस्वित्स आणि व्हेर्डी एकाच पुस्तकात! या दुटप्पीपणावर टेबलाटेबलांवर भांडणं झाली, त्यात नवल नाही.

पुढे काहींनी हे ओझंच वाटून टाकलं. २००९चा ‘फियास्को’ हा खेळ गेम मास्टरशिवाय चालतो. २०१०च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये तो आहे, पण त्याने काय करायचं तेही नियमांत लिहिलेलं आहे. त्यानंतर आलं एक्स-कार्ड. टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या, ‘एक्स’ काढलेल्या या कार्डाला कुणीही हात लावला की नको असलेला प्रसंग तिथेच वगळायचा. कारण विचारायचं नाही. गेम मास्टरलाही ते वापरता येतं.