नॅनो खत वापरताय? कंपोस्ट आणि नेहमीची खतं बंद करू नका

नॅनो खताची, म्हणजे अतिशय बारीक कणांच्या खताची, बाटली नेताना बरेच जण विचारतात की आता बाकीची खतं बंद केली तर चालेल ना. नाही चालणार. साधा हिशोब बघा, अर्ध्या लिटरच्या बाटलीवर नत्र (नायट्रोजन) 4 टक्के लिहिलं असेल तर आत नत्र आहे 20 ग्रॅम, आणि साध्या युरियाच्या एका किलोत असतं 460 ग्रॅम. टोमॅटो, वांगी, कोबी ही खादाड पिकं, कण कितीही बारीक असला तरी 20 ग्रॅमवर त्यांचं कसं भागणार?

नॅनोचा खरा फायदा जस्त, लोह अशा सूक्ष्म अन्नद्रव्यांना, कारण ती झाडाला लागतातच थोडी. जमीन चुनखडीची असेल, पीएच (आम्ल-विम्लतेचं माप) 8 च्या आसपास असेल तर जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाही, त्यात स्फुरद (फॉस्फरस) जास्त पडलं की अजूनच अडतं, मग फवारणीने पानातून देणं बरं पडतं. पण आधी पानं बघा. जुनी पानं पहिली पिवळी पडत असतील तर बहुतेक नत्र कमी आहे, तिथे जस्त मारून काही होणार नाही. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह-जस्ताकडे बघा, शक्यतो माती तपासून.

जमिनीतून देणार असाल तर कंपोस्ट भरपूर हवंच, त्यातले ह्युमिक पदार्थ (पालापाचोळा कुजून तयार होणारे) हे कण धरून ठेवतात आणि डोस थोडा जास्त झाला तरी मुळांना झटका कमी बसतो. मात्र झिंक ऑक्साइड, तांबं, चांदी यांचे नॅनो कण जिवाणू-बुरशीलाही मारतात, म्हणून ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी), अझोटोबॅक्टर (नत्र देणारे जिवाणू) यांच्याबरोबर कालवू नका आणि कंपोस्टच्या खड्ड्यात तर अजिबात ओतू नका, कुजवणारे जिवाणूच मेले तर खत होणार कसं!

पाणी जड असेल तर कण एकमेकांना चिकटतात आणि नॅनो नॅनो राहतच नाही. काचेच्या बाटलीत थोडं मिसळून अर्धा तास ठेवा, खाली साका बसला तर ते पाणी नको. फॉस्फेटवालं विद्राव्य खत त्याच टाकीत टाकू नका. फवारणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, भर उन्हात पान लगेच सुकतं.

पालेभाजीत आपण पानच खातो, त्यामुळे लेबलवर काढणीआधी जितके दिवस थांबायला सांगितलंय तितके थांबाच. पावडर असेल तर मास्क आणि हातमोजे घालूनच पुडी फोडा, ती धूळ श्वासात जाता कामा नये.