सुटलेल्या डोमेनची किंमत कशी ठरत गेली

डोमेन म्हणजे संकेतस्थळाचं नाव. त्याची मुदत संपून ते हातचं जाणं ही 1995 नंतरची गोष्ट. सिम्बॉलिक्स डॉट कॉम हे पहिलं डॉट कॉम 15 मार्च 1985 ला नोंदलं गेलं, तेव्हा नोंदणीला पैसे पडत नव्हते. सप्टेंबर 1995 मध्ये नेटवर्क सोल्युशन्स या अमेरिकी कंपनीने पहिल्या दोन वर्षांचे 100 डॉलर घ्यायला सुरुवात केली आणि पैसे थकले की नाव सुटू लागलं. 'डोमेन विकत घेतलं' असं आपण म्हणतो, पण तो खरा भाडेपट्टा. डॉट कॉमसाठी तो एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा असतो. 1999 च्या नाताळात मायक्रोसॉफ्टकडूनही पासपोर्ट डॉट कॉमचे, म्हणजे ज्या नावावरून हॉटमेलचं लॉगिन चालायचं त्याचे, पैसे भरायचे राहिले आणि ते लॉगिन अडकलं. शेवटी मायकेल चेनी नावाच्या प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून 35 डॉलर भरले.

त्या काळात नावाची किंमत म्हणजे शब्दाची किंमत. 1999 मध्ये बिझनेस डॉट कॉम 75 लाख डॉलरना विकलं गेलं ते त्या एका शब्दासाठी. सुटलेल्या नावांतही लोक आखूड, सोपे, बाजारातले शब्द शोधत.

हे गणित बदललं ते गूगलमुळे. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी 1998 मध्ये मांडलेल्या पेजरँक या शोधनिकालांची क्रमवारी लावण्याच्या पद्धतीत एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेली लिंक म्हणजे जणू एक मत होतं. आता गंमत अशी, की साइट बंद पडली तरी दुसऱ्यांनी तिला दिलेल्या लिंक जागच्या जागी राहतात. म्हणजे कुणीतरी दहा वर्षं खपून मिळवलेला विश्वास, नाव सुटताच, ते उचलणाऱ्याच्या पदरात पडू शकत होता. डिसेंबर 2000 मध्ये गूगलच्या टूलबारवर पेजरँकची हिरवी पट्टी आली, शून्य ते दहा आकड्यांची, आणि बाजाराला भाव करायला एक आकडा मिळाला. नावात काय आहे यापेक्षा 'पीआर (पेजरँक) किती' हा प्रश्न मोठा झाला.

तो आकडा डिसेंबर 2013 नंतर ताजा झाला नाही, 2016 मध्ये तर दिसायचाच बंद झाला. त्याची जागा लिंका मोजणाऱ्या खासगी कंपन्यांच्या आकड्यांनी, म्हणजे मॉझची डोमेन ऑथॉरिटी, मॅजेस्टिकचा ट्रस्ट फ्लो, एचरेफ्सचं डोमेन रेटिंग यांनी घेतली. हे त्या त्या कंपनीचे स्वतःचे अंदाज आहेत, गूगलचं मोजमाप नव्हे. स्वस्तातल्या लिंकांचा ढीग लावून यातले काही आकडे फुगवताही येतात. नुसता आकडा बघून बोली लावणं म्हणूनच मला धोक्याचं वाटतं.

नाव सुटतं कसं, तेही समजून घ्यायला हवं. नजरचुकीने नावं गमावणाऱ्यांसाठी 2003 पासून 30 दिवसांची सोडवणुकीची मुदत आली. डॉट कॉमचं सर्वसाधारण वेळापत्रक असं: मुदत संपल्यावर मालकाला पैसे भरायला 45 दिवसांपर्यंत सवलत, मग हे 30 दिवस, मग नाव पुसलं जाण्याआधीचे 5 दिवस आणि त्यानंतर नाव सर्वांना खुलं. त्या क्षणी नाव झेलणाऱ्या स्नॅपनेम्ससारख्या कंपन्या 2000 पासूनच उभ्या राहिल्या होत्या. पुढे रजिस्ट्रारच, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या कंपन्याच, सवलतीच्या काळात लिलाव करू लागले. त्यामुळे शेवटपर्यंत घरंगळत आलेलं नाव बहुतेकदा बऱ्याच जाणकारांनी बघून सोडलेलं असतं. स्वस्त मिळतंय म्हणून हरखून जाण्याआधी हे आठवावं.

एप्रिल 2012 मध्ये पेंग्विन हा बनावट लिंकांविरुद्धचा गूगलच्या शोधातला बदल आला आणि बनावट लिंक ही मालमत्ता न राहता कर्ज झाली. तेव्हापासून नावाचा पूर्वेतिहास तपासणं अटळ झालं. जमीन घेताना आपण सातबारा आणि फेरफार काढतो, तसा इथला दस्तऐवज म्हणजे 2001 मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं वेबॅक मशीन, संकेतस्थळांची जुनी पानं जतन करणारं संग्रहालय. साइट आधी काय होती, मध्ये किती वर्षं ओस पडली, एखाद्या वर्षी अचानक परक्या भाषेतली जुगाराची पानं दिसतात का, हे तिथे उमगतं. काहीच जतन झालेलं नसेल तर त्याचा अर्थ नाव स्वच्छ आहे असा होत नाही.

दुसरी तपासणी ट्रेडमार्कची. 1999 मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या दाव्यात 'रॅडिफ' हे मिळतंजुळतं नाव वापरायला मनाई केली होती. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मान्य केलं. दुसऱ्याच्या नाममुद्रेवर बसलेलं डोमेन कितीही लिंका घेऊन आलं तरी घेणाऱ्याच्या हाती राहीलच असं नाही.

लिंकांच्या वारशालाही आता मर्यादा आली आहे. हेअरपिन हे बायकांनी चालवलेलं, मनापासून वाचलं जाणारं अमेरिकी संकेतस्थळ 2018 मध्ये बंद झालं. पुढे त्याचं नाव दुसऱ्याने घेऊन एआयने लिहिलेल्या मजकुराने भरलं. जुन्या वाचकांची ही सरळ फसवणूक होती. मार्च 2024 मध्ये गूगलने मुदत संपलेल्या डोमेनचा असा गैरवापर स्पॅमच्या धोरणात घातला. त्यातलं एक उदाहरण पूर्वीच्या प्राथमिक शाळेच्या नावावर चालवलेल्या कॅसिनोच्या मजकुराचं आहे. जुन्या नावावर लोकांच्या उपयोगाची नवी, स्वतःची साइट उभारायला मात्र हरकत नाही, असंही त्याच धोरणात म्हटलं आहे.